एका बोटावरचा भार

घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो. आपल्या मधल्या बोटाचे शेवटचे पेर आणि त्याचे नख, एवढ्यावरच सगळे शरीर तोलायचे, त्यावरच धावायचे, उडी मारायची आणि बरीचशी झोपही उभ्यानेच काढायची, असे त्याचे जगणे आहे. त्या शेवटच्या पेराचे हाड खुराच्या आत असते आणि ते खुराच्या कठीण भिंतीला आतून टांगलेले असते. ही गोष्ट मला माझ्या घोडीचे, सावळीचे, पाय बिघडेपर्यंत ठाऊक नव्हती. कितीतरी वर्षे मी तिचे खूर रोज उचलून साफ केले, नाल सैल झाली की नालबंदाला बोलावले, आणि खूर म्हणजे पायात चढवलेला एक जाड, निर्जीव जोडा आहे अशाच समजुतीत राहिले.

हाडाच्या बाहेरच्या अंगाने आणि भिंतीच्या आतल्या अंगाने अतिशय नाजूक उभे पापुद्रे निघतात आणि दोन फण्यांचे दात एकमेकांत अडकवावेत तसे ते गुंतलेले असतात. एका खुरात मुख्य पापुद्रे साधारण ५५० ते ६०० असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकावर आणखी १५० ते २०० सूक्ष्म पापुद्रे असतात. हे सगळे उलगडून पसरले, तर एका खुरातला पृष्ठभाग सुमारे ०.८ चौरस मीटर भरतो. म्हणजे दोन्ही हातांच्या ओंजळीत धरता येईल एवढ्या खुरात एका लहानशा टेबलाएवढी जागा घडी घालून ठेवलेली असते. घोड्याचा भार पेलते ती ही घडी. तिला सूज आली आणि पापुद्र्यांची एकमेकांवरची पकड सुटू लागली, की वरून शरीराचे वजन हाडाला खाली रेटते, मागून जाड स्नायुबंध त्याला ओढतो, आणि हाडाचे टोक हळूहळू तळव्याकडे वळते. पशुवैद्य या आजाराला लॅमिनायटिस म्हणतात. एकाच हंगामात अमेरिकेतील तिन्ही मोठ्या शर्यती जिंकलेल्या सेक्रेटेरिएट या घोड्याला ४ ऑक्टोबर १९८९ रोजी याच आजारामुळे दयामरण द्यावे लागले होते.

सावळीचा आजार एका पहाटे दिसला, असे मी पुष्कळ दिवस सांगत असे. आता मला कळते की तो पुष्कळ आधीपासून दिसत होता. मला तो पाहता येत नव्हता. ती वळताना आखडत होती, कठीण जमिनीवर पाऊल आखूड टाकत होती, आणि तिच्या खुरांवरच्या आडव्या वळ्या टाचेकडे रुंद व पुढे अरुंद होत चालल्या होत्या. त्या पहाटे मात्र ती दोन्ही पुढचे पाय लांब पुढे टाकून, सगळे अंग मागच्या पायांवर झुकवून उभी होती. उभ्या घोड्याचा जवळजवळ ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. त्यामुळे हा आजार बहुधा तिथेच आधी बोलतो. मोतद्दाराने तिच्या घोट्याच्या मागे बोटे ठेवली आणि माझा हात धरून तिथे नेला. एरवी शोधावी लागणारी नाडी त्या दिवशी बोटांवर आपटत होती.

पशुवैद्यांनी तपासून सांगितले की आजार दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधोमध आहे. या पायऱ्या स्वीडनचे पशुवैद्य निल्स ओबेल यांनी १९४८ साली घालून दिल्या आणि आजही त्याच वापरल्या जातात. पहिल्या पायरीवर घोडा उभ्या जागी एकसारखा एक पाय उचलतो, दुसरा टेकतो, पुन्हा पहिला उचलतो. दुसरीत चालतो, पण काठीसारख्या ताठ पायांनी. तिसरीत चालायला नाखूश असतो आणि पाय उचलू देत नाही. चौथीत बळजबरी केल्याशिवाय हलत नाही. पाय उचलू न देण्याचे कारण पशुवैद्यांनी सांगितले तेव्हा मला स्वतःची लाज वाटली. आदल्या आठवड्यात सावळीने पाय दिला नाही म्हणून मी तिला दटावले होते. एक पाय उचलला की त्याचा भार शेजारच्या दुखऱ्या पायावर पडतो. ती हट्ट करत नव्हती, हिशेब करत होती.

कारण तिच्या रक्तात सापडले. तिचे इन्सुलिन फार चढलेले होते. खुराचा आजार आणि इन्सुलिन यांचा संबंध ऐकून मी चकित झाले, पण तो आता चांगला ठाऊक झालेला आहे: ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी तट्टांच्या रक्तातले इन्सुलिन सलग चढे ठेवले, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. अतिरिक्त चंदीने आतडे बिघडणे, विल्यानंतर वार अडकून शरीरात विष भिनणे, किंवा एक पाय जायबंदी झाल्यामुळे दुसऱ्यावर महिनोन्महिने भार पडणे, अशा वाटांनीही हा आजार येतो. आमची वाट साखरेची होती. कोवळ्या, भरभरून वाढलेल्या गवतावर मी तिला मोठ्या प्रेमाने मोकळी सोडत होते.

पहिले दिवस बर्फाचे होते. खूर सतत गार ठेवले, त्यांचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या खाली टिकवले, तर सुरुवातीच्या काळात पापुद्र्यांची हानी आटोक्यात राहते, ही गेल्या दोन-अडीच दशकांतल्या संशोधनातून आलेली फार मोलाची गोष्ट आहे. पण ‘सतत’ या शब्दाचा अर्थ रात्री दोन वाजताही बर्फ भरणे असा असतो. सोबत दाह कमी करणारी औषधे होती, अंथरूण गुडघाभर होते, खुरांच्या तळाला मऊ फोमचे तुकडे बांधलेले होते. चंदी बंद झाली. वाळलेले गवत पाण्यात भिजवून, त्यातली साखर निथळून, तोलून द्यायचे ठरले. नालबंद आणि पशुवैद्य क्ष-किरणांची चित्रे शेजारी शेजारी धरून खुराचे टोक किती तासायचे याची चर्चा करत. हाडाचे टोक वळले होते. फार नाही, पण वळले होते. सहा आठवड्यांनी जीव वाचला असे म्हणता येऊ लागले, आणि मग तो लांबलचक काळ सुरू झाला ज्याच्याविषयी कोणीच फारसे बोलत नाही: घोडा मरणार नाही, पण दुखणे जात नाही.

त्या काळात ॲक्युपंक्चरचा विषय निघाला. तो काढला आमच्याच पशुवैद्यांनी, आणि त्यांनी तो फार जपून काढला. रोज दुखणे मारणारी औषधे घोड्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना सोसत नाहीत, मात्रा कमी करायची आहे, आणि सुयांनी दुखणे थोडे उतरले तर ती कमी करता येईल, एवढेच त्यांचे म्हणणे होते. मी तडकाफडकी नकार दिला. एव्हाना मी खुराची चित्रे इतकी पाहिली होती की माझ्या मनात आजार म्हणजे एक तुटलेली यंत्रणा होती, आणि तुटलेल्या कडीला सुई टोचून काय होणार, हा प्रश्न मला निरुत्तर करणारा वाटत होता. पशुवैद्य शांतपणे म्हणाले, “कडी जोडायचे काम माझ्या सुईचे नाही. कडी जुळून येईपर्यंत तिला उभे राहता यावे, एवढेच मी पाहणार आहे.” हे वाक्य माझ्या मनात राहिले. पुढे या विषयावर मी जे काही वाचले आणि पाहिले, त्याला हेच वाक्य मोजपट्टीसारखे लावत गेले.

पहिली बैठक पाऊण तासाची होती. पशुवैद्यांनी आधी तिच्या मानेवरून, पाठीवरून आणि कमरेवरून हळूहळू हात फिरवला. पुढच्या पायांचा भार चुकवण्यासाठी महिनोन्महिने वेड्यावाकड्या उभ्या राहिलेल्या घोडीचे खांदे आणि कंबर दगडासारखी झालेली असते. हा भाग माझ्या डोक्यातच आला नव्हता. केसांहून थोड्याच जाड, निर्जंतुक, एकदाच वापरायच्या सुया त्यांनी आधी तिथे टोचल्या. मग ते खाली बसले. जिथे पायाचे केस संपतात आणि खूर सुरू होतो, त्या कडेला, कोरोनरी बँडला, वेढा घालून पुढच्या प्रत्येक पायाचे सहा बिंदू सांगितले जातात: एक अगदी समोर मध्यभागी, एक मागे टाचेच्या दोन गोलांच्या मधल्या खळग्यात आणि उरलेले आतल्या व बाहेरच्या बाजूला. त्यांना टिंग बिंदू म्हणतात. त्यांतल्या दोन-तीन ठिकाणी त्यांनी त्वचा नीट स्वच्छ करून जाड सुई क्षणभर टोचली आणि काळपट रक्ताचे काही थेंब वाहू दिले. सावळीने पहिल्या थेंबाला पाय झटकला, दुसऱ्याला नाही. थोड्या वेळाने तिचा खालचा ओठ सैल लोंबू लागला, पापण्या जड झाल्या, आणि तिने लांब श्वास सोडला. मला रडू आले. त्या अश्रूंवर विश्वास ठेवू नये, हे मी पुढे शिकले.

घोड्यांवर सुई चालवण्याचा इतिहास जुना आहे, पण तो सांगितला जातो तितका सरळ नाही. चिनी परंपरेत ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील बो ल हा अश्वपरीक्षक घोड्यांच्या वैद्यांचा आद्यपुरुष मानला जातो आणि त्याच्या नावावर सूचिशास्त्रही सांगितले जाते. मिंग काळात, १६०८ साली, यू बन्युआन आणि यू बनहंग या दोन भावांनी घोड्यांच्या उपचारांचा जो ग्रंथ सिद्ध केला, तो पुढची शतके तिथल्या अश्ववैद्यांच्या हाताशी राहिला. आमच्या आजाराला त्या परंपरेत ‘पाच ठिकाणी एकवटलेली वेदना’ अशा अर्थाचे नाव आहे: चार पाय पोटाखाली गोळा झालेले आणि पाचवे डोके खाली झुकलेले. हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा हातातले काम थांबले. दुखणाऱ्या घोड्याकडे इतक्या बारकाईने पाहणारा माणूस काही शतकांपूर्वी होऊन गेला, एवढ्यानेही मला सोबत वाटली.

तरीही इतिहासकारांचा एक आक्षेप मला रास्त वाटतो. जुन्या चिनी लिखाणात सुईसाठी येणारा शब्द रक्त काढण्याच्या धारदार हत्यारालाही वापरला जातो, आणि घोड्यांवरच्या त्या उपचारांत रक्त सोडणे आणि डागणे यांचा मोठा वाटा आहे. युरोपातले नालबंदही लॅमिनायटिसमध्ये घोड्याचे रक्त काढत असत. म्हणजे आज आपण ज्याला घोड्याचे ॲक्युपंक्चर म्हणतो, त्याचा बराचसा नकाशा नवा आहे: माणसाच्या शरीरावरच्या, ज्यांतून ऊर्जा वाहते असे मानतात त्या रेषा आणि त्यांवरचे बिंदू गेल्या शतकाच्या उत्तरार्धात घोड्याच्या अंगावर उतरवले गेले आणि १९७४ साली पशुवैद्यांची आंतरराष्ट्रीय ॲक्युपंक्चर संस्था स्थापन झाल्यावर त्यांचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. हे उतरवणे खुराशी येऊन अवघड होते. माणसाच्या हातावर या रेषा वेगवेगळ्या बोटांच्या टोकांशी संपतात. घोड्याला पायाला एकच बोट. मग पाच बोटांच्या टोकांवरचे बिंदू एका खुराभोवती कसे बसवायचे? ते कडेने ओळीत बसवले गेले. हा निर्णय माणसाने कागदावर घेतलेला आहे, हे मान्य करण्यात मला परंपरेचा अपमान दिसत नाही. उलट, तो बिंदू जिथे आहे तिथे खरोखर काय आहे, याकडे लक्ष जाते. खुराच्या कडेशी रक्तवाहिन्यांचे दाट जाळे आहे, भरपूर चेताटोके आहेत, आणि नवे खूर जन्माला येते ती जागाही हीच आहे.

सुई टोचल्यावर शरीरात काहीच घडत नाही, असे आता म्हणता येत नाही. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात घोड्यांना सुयांमधून सौम्य विद्युतप्रवाह दिल्यावर त्यांच्या मेरुद्रवातील बीटा-एंडॉर्फिन, म्हणजे शरीराचे स्वतःचे वेदनाशामक, वाढलेले आढळले. २०१० साली उंदरांवरच्या प्रयोगात सुई फिरवलेल्या जागी ॲडेनोसिन साठते आणि त्यामुळे वेदनेचा संदेश मंदावतो, असे दिसले. मला हे वाचून आनंद झाला आणि लगेच सावधही व्हावेसे वाटले. कारण यांतली प्रत्येक गोष्ट वेदनेबद्दल आहे. सुईमुळे सुटलेला पापुद्रा पुन्हा चिकटतो, वळलेले हाड सरळ होते किंवा रक्तातले इन्सुलिन उतरते, असे यांतल्या एकाही प्रयोगातून निघत नाही.

खुद्द या आजारावरचा पुरावा थोडका आहे. २०१७ साली कॅनडाच्या पशुवैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जुनाट लॅमिनायटिस असलेल्या १२ घोड्यांवर एका आठवड्याच्या अंतराने दोनदा ॲक्युपंक्चर केले गेले: कोरड्या सुया, बिंदूंतून रक्त सोडणे आणि बिंदूंत द्रव टोचणे असे तिन्ही प्रकार वापरले. लंगडेपणा नुसत्या डोळ्यांनी न ठरवता घोड्याच्या अंगावर संवेदक लावून मोजला, आणि दुसऱ्या उपचारानंतर एका आठवड्याने तो लक्षणीयरीत्या कमी भरला. यंत्राने मोजले, ही या कामाची जमेची बाजू. पण उपचार न मिळालेला, तुलनेसाठीचा गट त्यात नव्हता, आणि जुनाट लॅमिनायटिस आपणहूनही वर-खाली होत असतो. त्याआधी २००६ साली प्राण्यांवरील ॲक्युपंक्चरच्या ३१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला होता. कोणत्याही आजारासाठी ते सुचवावे किंवा नाकारावे असा ठाम पुरावा त्यात सापडला नाही. मी दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवते. पहिला मला आशा देतो, दुसरा माझा हात धरून ठेवतो.

लोक म्हणतात की जनावराला भ्रम होत नाही. गोळी साखरेची आहे की औषधाची हे त्याला ठाऊक नसते, म्हणून जनावरात दिसलेला गुण खरा. हे अर्धेच खरे आहे. घोड्याला भ्रम होत नसेल, पण घोड्याला गुण आला की नाही हे सांगणारी मी असते, आणि मला भ्रम होतो. रात्र-रात्र बर्फ भरलेल्या माणसाला घोडी बरी दिसायलाच हवी असते. म्हणून सहाव्या महिन्यात, तिची प्रकृती स्थिर असताना, मी पशुवैद्यांपुढे एक विनंती ठेवली आणि त्यांनी ती मोठ्या मनाने मान्य केली. आठ आठवडे, दर आठवड्याला ते एकदा येणार. घरून निघण्यापूर्वी नाणे उडवून सुया करायच्या की नाही हे ठरवणार. ठाणाचे दार लावून अर्धा तास आत राहणार. आणि सुया नसतील त्या दिवशी नुसते तिच्याजवळ बसणार. रक्त सोडल्याची खूण राहते, म्हणून या काळात फक्त कोरड्या सुया. औषधे, गवत, अंथरूण सगळे जसेच्या तसे. आदल्या आणि नंतरच्या पहाटे, आणि मग तिसऱ्या-चौथ्या दिवशीही, मोतद्दार घड्याळ लावून दहा मिनिटांत ती पुढच्या पायांवरचा भार किती वेळा अदलाबदल करते ते मोजणार. मी मात्र माझ्या वहीत फक्त माझा अंदाज लिहायचा: आज सुया झाल्या की नाही.

आठ आठवड्यांनी आम्ही तिघे आपापल्या वह्या घेऊन ठाणासमोर बसलो. सुया पाच वेळा झाल्या होत्या. त्यांपैकी चार वेळा दुसऱ्या पहाटेचा आकडा आदल्या दिवसापेक्षा उतरला होता. नुसत्या सोबतीच्या तीन आठवड्यांपैकी एकदा तोही उतरला होता. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या मोजणीपर्यंत आकडे बहुधा पूर्वपदावर आलेले होते. याला पुरावा म्हणता येणार नाही, हे आम्हा तिघांनाही कळत होते. एक घोडी, आठ आठवडे, आणि मधल्या काळात एकदा खूर तासलेलेही. पण माझे अंदाज मला आजही पाठ आहेत. एका आठवड्याच्या पानावर मी लिहिले होते: ‘आज सुया नक्की झाल्या. चाल मोकळी, डोळ्यांत पाणीदारपणा, ताण गेल्यासारखा दिसतो.’ त्या दिवशी पशुवैद्य नुसते बादली पालथी घालून तिच्याशेजारी बसून राहिले होते. मोतद्दाराच्या वहीतला आकडा त्या पहाटे किंचित वाढलेला होता.

ते पान वाचल्यापासून माझ्या बोलण्यातून ‘मला वाटते ती बरी आहे’ हे शब्द गेले. आम्ही सुया थांबवल्या नाहीत. दहा मिनिटांतला थोडासा उतार, तोही दोन-तीन दिवसांपुरता, ही क्षुल्लक गोष्ट आहे असे ज्याला वाटते, त्याने दुखऱ्या दाताने दोन रात्री काढून पाहाव्यात. त्या उतारावर पशुवैद्यांनी औषधाची मात्रा खरोखरच थोडी खाली आणली, आणि मोजणी चालू असल्यामुळे ती भीतीशिवाय आणता आली. अंग सैल झाल्यावर नालबंदाला पायही जास्त वेळ धरता येऊ लागला. माझ्या मते सुईचा सगळ्यांत मोठा उपयोग आम्हाला तिथे झाला, कारण ज्या कामाने हाड सावरले जाते ते काम नालबंदाच्या कानशीने होते, आणि कानस चालण्यासाठी घोड्याला तीन पायांवर उभे राहता यावे लागते.

पण आजार नुकता भडकलेला असताना दुखणे फार मारणे धोक्याचे असते, मग ते औषधाने मारा किंवा सुईने. वेदना कमी झालेला घोडा चालू लागतो, आणि त्या वेळी प्रत्येक पाऊल उरलेल्या पापुद्र्यांना फाडते. म्हणूनच घोड्याच्या सुया पशुवैद्यानेच कराव्यात, क्ष-किरणांची चित्रे पाहिलेल्याने कराव्यात, असे मी आग्रहाने म्हणते. खुराच्या कडेला पू धरलेला असताना, किंवा तिथली त्वचा सुटू लागलेली असताना, तिथे टोचणे ही निष्काळजी आहे. मी एक घोडा पाहिला आहे, ज्याच्या मालकाला कोणीतरी सांगितले होते की अडलेली ऊर्जा मोकळी झाली की खूर आपोआप सुधारेल. गवत तेच राहिले, चंदी तीच राहिली, खूर कोणी तासले नाहीत, इन्सुलिन कोणी मोजले नाही. सुया मात्र नियमाने होत होत्या, आणि त्या करणाऱ्याचा हात चांगला होता. त्या घोड्याच्या हाडाचे टोक शेवटी तळव्यातून बाहेर आले. मला त्या मालकाचा राग येत नाही. त्याचे त्या घोड्यावर माझ्याइतकेच प्रेम होते. राग येतो तो त्या वाक्याचा.

आणि सगळे नीट करूनही हा आजार आपल्याला हरवतो, हेही विसरता येत नाही. २००६ साली केंटकी डर्बी ही अमेरिकेतील मोठी शर्यत जिंकलेल्या बार्बरो या घोड्याचा उजवा मागचा पाय त्याच वर्षी २० मे रोजी दुसऱ्या शर्यतीत मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुरुग्णालयात ते हाड जोडले गेले. पण भार सोसणाऱ्या डाव्या मागच्या पायाला लॅमिनायटिस झाला, त्या खुराची बहुतेक भिंत काढावी लागली, पुढे पुढच्या दोन्ही पायांनाही आजाराने गाठले, आणि २९ जानेवारी २००७ रोजी त्याला दयामरण दिले गेले. उत्तम शल्यचिकित्सक, भरपूर पैसा आणि सगळ्या जगाचे लक्ष दिमतीला असूनही घोड्याला तीन बोटांवर उभे ठेवता आले नाही. सावळीला आम्ही वाचवले असे कोणी म्हणते तेव्हा मी त्या घोड्याची आठवण ठेवते. आमच्या वाट्याला आजाराचा सौम्य प्रकार आला होता, आणि तो वेळेत ओळखणारे हात आमच्याकडे होते.

खूर महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढते. कडेशी जन्मलेले नवे खूर समोरून जमिनीपर्यंत पोहोचायला नऊ महिने ते वर्ष लागते, आणि त्या एवढ्या काळात झालेले सगळे त्याच्यावर वळ्यांनी लिहिलेले राहते. सावळीच्या पुढच्या खुरांवर त्या वाईट आठवड्यांची एक खोल वळी होती. मी तिला दर महिन्याच्या पहिल्या दिवशी पट्टीने मोजत असे. वरचे नवे खूर हाडाशी जवळजवळ समांतर, घट्ट, गुळगुळीत उतरत होते आणि त्याच्याखाली ती वळी इंचाइंचाने जमिनीकडे ढकलली जात होती. सुयांचे बिंदू ज्या कडेवर होते, तिथूनच हे नवे खूर येत होते; पण ते सुयांनी आणले असे मी म्हणणार नाही. ते भिजवलेल्या गवताने आणले, कानशीने आणले, आणि तिच्या शरीराने आणले.

अकराव्या महिन्यात नालबंद आला, तेव्हा वळी खुराच्या टोकाशी, जमिनीला लागून होती. त्याने सावळीचा डावा पाय मागितला. तिने तो क्षणभर विचार करून दिला. त्याने तो मांडीवर घेतला आणि कानस चालवायला सुरुवात केली. मी सवयीने घड्याळाकडे पाहिले आणि तिच्या उजव्या पायावर नजर ठेवली, ज्याच्यावर आता सगळा पुढचा भार आला होता. भुसा खाली पडत होता. वळीचा शेवटचा तुकडा नखासारखा सुटून अंथरुणात पडला, तेव्हा चार मिनिटे झाली होती, आणि उजवा खूर जिथे होता तिथेच होता.